भोंग्याची सायकल

"सायकल घ्या ना, बाबा," एवढंच लेक म्हणाली, आणि चहाचा कप तिच्या वेणीला चाटून भिंतीवर फुटला.

घरात कुणी किंचाळलं नाही. बायकोने झाडू आणला. लेकीने पाय खुर्चीवर घेतले. चहाचा ओघळ कॅलेंडरवरच्या तारखा भिजवत सावकाश खाली उतरला. या घरात काहीतरी फुटणं म्हणजे दूधवाला येण्याइतकं नेहमीचं! कपाटाच्या दारावर मुठीएवढा खड्डा होता, रेडिओचं बटण उपटलेलं होतं, आणि स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल मुळात चार पायांचं होतं.

"पण माणसांवर हात उचलत नाहीत हो कधी," बायको शेजारणीला सांगायची, तेही अभिमानाने. 'घरातल्या' माणसांवर, हा एक शब्द मात्र ती गिळून टाकायची.

घरधनी बस चालवायचा. बावीस वर्षं. डेपोत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारा एकही माणूस उरला नव्हता. सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याचा अंगठा हॉर्नवरून उठायचाच नाही. रस्त्यावर त्याला सगळ्यांचा राग यायचा, पण सायकलवाला दिसला की तळपायाची आग थेट मस्तकात! "ना नंबर, ना दिवा, ना अक्कल. रस्त्यात किड्यासारखे वळवळतात," असं त्याचं ठाम मत.

आणि या किड्यांसाठी भोंग्याने एक खेळ शोधून काढला होता. खेळाचं नाव 'भांग पाडणं'. बस मागून आवाज न करता न्यायची, सायकलवाल्याच्या इतकी जवळ की वाऱ्याने त्याच्या केसांचा भांग पडला पाहिजे, आणि मग कानाशी हॉर्न! सायकलवाला लटपटतो, खड्ड्यात जातो, कधी पडतोही. नव्या ड्रायव्हरांना भोंगा हे प्रेमाने शिकवायचा. जेवताना घरी साभिनय करून दाखवायचा. लेक लहान होती तेव्हा टाळ्या वाजवून म्हणायची, "बाबा, परत! परत तो पडतो ते दाखवा!"

वाचकहो, हसू नका. आपणही अशा गोष्टींवर हसलेलो असतो.

दोन महिन्यांपूर्वी एका दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवरून ड्यूटीवर निघाला होता. त्याचा भांग पडला, पण तो पडला नाही. उलट त्याने सिग्नलला बस गाठून पत्र्यावर थाप मारली. बसच्या पत्र्यावर! भोंगा चाकाचा पाना घेऊनच उतरला. पहिला घाव दिव्यावर. दुसरा पुढच्या चाकावर. तिसरा कंपाउंडरच्या गळ्याखालच्या हाडावर. ते हाड मोडल्याचा आवाज पहिल्या सीटवरच्या बाईंनी ऐकला, आणि तो पोलिसांना सांगताना त्यांनी कान झाकून घेतले.

लायसन्स सहा महिने जप्त. स्टिअरिंग गेलं, हातात बस धुण्याचा पाइप आला. डेपो मॅनेजरने बजावलं, "सहा महिन्यांनी सुनावणी. तोवर मस्टरवर उशिराच्या तीन लाल रेघा पडल्या ना, तर सुनावणीला येऊच नका. घरीच बसा."

आता गंमत बघा. डेपो उघडतो पहाटे पाच वाजता, आणि पहिली बस डेपोतूनच निघते, डेपोकडे जात नाही! मोटरसायकलला लायसन्स लागतं. चालत जावं तर दीड तास. जो माणूस इतकी वर्षं गावाला पहिली बस आणून द्यायचा, त्याला डेपोत न्यायला बसच नव्हती. म्हणून लेकीने सायकल सुचवली होती, आणि म्हणून कप फुटला होता.

पहिली लाल रेघ पडल्यावर मात्र तो गुपचूप दुकानात गेला.

आयुष्यात सायकलवर न बसलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाने कुठली सायकल घ्यावी? कुठलीही घ्या, पण भोंग्याने घेतली ती नको! काळी कुळकुळीत, रेसची, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, टायर बोटाएवढे, सीट सुरीच्या पात्यासारखी.

"साहेब, पहिल्यांदाच शिकणार असाल तर…" दुकानदाराने तोंड उघडलं.

"बस चालवलीय मी. बस! सीट वर घे."

"घेतली."

"आणखी वर. रस्ता उंचावरून दिसला पाहिजे."

ड्रायव्हरचाच हिशेब हा. बसमध्ये जेवढं उंच बसाल तेवढं सुरक्षित! सायकलवर त्याचे अंगठेसुद्धा जमिनीला लागेनात.

लेकीने शाळेच्या मैदानावर चार दिवस मागून धरून पळवलं. पाचव्या दिवशी तो एकटा डेपोकडे निघाला. उतार आला, समोर गाढवासारखी एक हातगाडी आडवी उभी, आणि बावीस वर्षांच्या सवयीने भोंग्याने करकचून ब्रेक मारला… उजव्या पायाने! पायाखाली ब्रेक नव्हता. पॅडल होतं. सायकल थांबायची सोडून सुसाट सुटली. तो हातगाडीवर आदळला, हनुवटी फुटली, तळहाताची साल निघाली, आणि गुडघ्यातून रक्त बुटात उतरलं. मस्टरवर दुसरी लाल रेघ.

संध्याकाळी अंगणात त्याने सायकलला मारलं. होय, मारलंच! पाना दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन, दात खाऊन, शिव्यांच्या तालावर. "पाडतेस? मला पाडतेस?" चाकाची एक तार तुटली, सणसणत आली आणि लेकीच्या डोळ्याखाली बारीक लाल रेघ ओढून गेली.

बायको दारात थिजली. भोंग्याचा पाना हवेतच राहिला.

लेकीने गालावरचं रक्त बोटाने पुसलं, बोट बघितलं आणि म्हणाली, "तिसरी लाल रेघ माझ्याच तोंडावर काढलीत. झालं मारून? मग चला दुरुस्तीला."

पाण्याच्या टाकीखाली एका मावशीचं सायकलचं दुकान होतं. केस पिकलेले, नखं काळी, उजवं मनगट वाकडं जुळलेलं. लेकीच्या शाळेतल्या निम्म्या सायकली त्या वाकड्या हातानेच धावत होत्या. मावशीने त्या काळ्या सांगाड्याकडे बघितलं, मग भोंग्याकडे.

"अपघात म्हणावा तर घाव वरून आहेत. कुणी मारलं हिला?"

"पडली," भोंगा पुटपुटला.

"जिन्यावरून पडली का? बायका सांगतात ना दवाखान्यात, तशी?"

भोंग्याची कानशिलं तापली. मूठ वळली. मावशीने ती मूठ बघितली आणि शांतपणे त्या मुठीत एक चिंधी कोंबली. "हात पुसा आधी. मग बोलू. ड्रायव्हर ना तुम्ही? मग एक सांगा, बसची सीट बसच्या मापाने लावता की तुमच्या?"

"माझ्या."

"आणि सायकल? ती घेतलीत लोकांच्या डोळ्यांच्या मापाने. उभे राहा इथे. ही बघा, जुनी आहे, रंग उडालाय, पण बसा."

"ही? लेडीज सायकल?" भोंगा उडालाच. "मधे दांडाच नाही! डेपो हसून मरेल!"

"मरू दे की. तुम्ही तर नाही ना मरणार? पाय वर न टाकता चढता येतं, घाबरलात तर पटकन उतरता येतं. शिकाऊ माणसाला आणखी काय हवं? दोन्ही पाय टेका. पूर्ण. हां, सीट एवढीच. हात सुटले की मग बोटभर वर घेऊ. हँडल सरळ, म्हणजे पाठ मोडणार नाही. टायर जाड, म्हणजे खड्डा मणक्यात जाणार नाही. सीट रुंद, पण गादी नको, मांड्या सोलतात. आणि ब्रेक इथे. हातात! पायाने थांबवायची सवय विसरा."

"आणि नवीन का नको?"

"लायसन्सचं लेकीने सांगितलंय मला. सहा महिन्यांनी ते मिळालं की सायकल माळ्यावर जाणार. माळ्यावर टाकायला नवी कशाला? तीन सायकली ठेवल्यात, तिन्ही चालवून बघा, त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या. जी चालवताना स्वतःच्या अंगाची आठवण होत नाही, ती तुमची."

तिसऱ्या फेरीत त्याला आपल्या अंगाची आठवण झाली नाही. ती नेमकी रंग उडालेली, बिनदांड्याचीच होती! मावशीने हेल्मेट त्याच्या डोक्यावर दाबून बसवलं. पट्टा लावताना वाकडं मनगट त्याच्या नाकासमोर आलं.

"हे कशानं?" त्याने सहज विचारलं.

"आरसा. बसचा. मागून आली, अगदी चिकटून. नंबर बघायला शुद्धीवर कोण होतं!"

'कुठल्या साली?' हा प्रश्न भोंग्याच्या जिभेवर आला आणि तिथेच सुकला. बावीस वर्षांत त्याचे किती आरसे कुठे कुठे लागले होते, त्याला कुठे आठवत होतं!

सायकल मात्र जमली. तिसरी रेघ पडली नाही. दम लागेना, पोट आत गेलं, वाटेवरच्या बेकरीचा वास बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नाकात शिरला. आणि एके दिवशी मागून बसचा हॉर्न वाजला. त्याने घाईघाईने सायकल कडेला घातली. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. तसाच लांबलचक, तसाच कानात खिळा ठोकणारा. आतून ऐकताना तो इतका वेगळा वाटायचा!

तुम्हाला वाटेल, झाला बिचारा शहाणा. छे! राग इतक्यात कुठे मरतो? त्याने फक्त तोंड फिरवलं. आता भोंगा सायकलवरून गाडीवाल्यांना शिव्या घालू लागला. सायकलच्या कुलपाची जाड साखळी मनगटाला गुंडाळून जायचा. एका मोटारीचा आरसा त्याने त्या साखळीने उडवला आणि घरी येऊन साभिनय करून दाखवला. या वेळी लेकीने टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग तो रविवार आला. बापलेक सायकली घेऊन मावशीकडे निघाले होते. लेक पुढे, तो पन्नास पावलं मागे. रस्ता रिकामा, ऊन कोवळं, लेक मागे वळून ओरडली, "बाबा, म्हातारे झालात का?"

"थांब, दाखवतो तुला म्हातारा!" तो हसला, आणि त्याच क्षणी मागून वारा आला.

आवाज न करता आलेल्या बसचा वारा! डाव्या बाजूला गटार, उजव्या बाजूला लाल पत्र्याची भिंत, आणि कानाशी हॉर्न. आरशाचा लोखंडी हात खांद्यावर बसला. भोंगा गटाराच्या काठावर आदळला, तोंडात माती आणि रक्त एकदमच आलं. मान वर केली तर बस थांबली नव्हती. ती त्याच चालीने, तशीच डावीकडे सरकत, पुढे चालली होती. पुढे लेक होती.

"ए! ए, थांब! पोरगी आहे माझी! थांब!"

हॉर्नपुढे त्याचा आवाज काय टिकणार? त्याला बसच्या मागून काहीच दिसलं नाही. फक्त हॉर्न ऐकू आला, मग पत्रा घासल्याचा आवाज, आणि मग एक आवाज जो त्या पहिल्या सीटवरच्या बाईंनी ऐकला होता.

लेक रस्त्याकडेच्या दगडावर पालथी पडली होती. हनुवटी उघडी पडलेली, शर्टाचा पुढचा भाग लाल, डावा हात कोपरापाशी भलतीकडे वळलेला. डोळे मात्र उघडे होते. "आहे मी," ती म्हणाली. "हात मोडलाय बहुतेक."

पुढच्या स्टॉपवर बस थांबली होती. माणसं चढत होती. जणू काही झालंच नव्हतं!

भोंगा धावला. साखळी मुठीवर गुंडाळलेली. ड्रायव्हरच्या दारात उडी मारून त्याने आतल्या माणसाची कॉलर धरली, खेचून त्याला रस्त्यावर आपटलं, आणि साखळीची मूठ त्याच्या तोंडावर घातली. ओठ फाटला, दात रस्त्यावर पडला. बसमधल्या बायका किंचाळल्या. साखळी पुन्हा वर गेली.

"उस्ताद!" खालचा माणूस रक्त थुंकत ओरडला. "उस्ताद, तुम्ही? हेल्मेटमुळे ओळखलं नाही हो!"

तो त्याचा चेला होता. त्यानेच स्टिअरिंगवर बसवलेला, त्यानेच तयार केलेला.

"पोरगी आहे माझी ती! माझी पोरगी!"

"मला काय माहीत, उस्ताद? मी नुसता भांग पाडला. दोघांचा एका दमात. तुम्हीच म्हणायचा ना, जोडभांग पाडेल तो खरा ड्रायव्हर!"

साखळी वरच राहिली. पण खाली यायला आतुर होती. एक घाव! कवटीवर एकच घाव, आणि सगळं शांत झालं असतं.

"बाबा."

लेक चालत आली होती. मोडका हात छातीशी धरून, हनुवटीतून रक्त ठिबकत. गर्दीने तिला वाट करून दिली.

"मारा हवं तर," ती म्हणाली. "पण मला त्याने नाही पाडलं. तुम्ही पाडलंत. आणि मी लहानपणी टाळ्या वाजवल्या."

अरे, किती घाव घातले होते या माणसाने आयुष्यात! कपांवर, कपाटांवर, चाकांवर, हाडांवर. पण असा घाव त्याला कुणी घातला नव्हता! साखळी हातातून सुटली आणि खळ्ळकन रस्त्यावर पडली. भोंगा चेल्याच्या शेजारी, तिथेच डांबरावर मटकन बसला, आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मग उठला. स्वतःचा रुमाल त्याने चेल्याच्या ओठांवर दाबला, लेकीला उचललं आणि बसमधल्या लोकांना म्हणाला, "पोलिसांना बोलवा. दोघांसाठी."

लेकीच्या हनुवटीला सात टाके पडले. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. चेल्यालाही शिक्षा झाली, आणि चेल्याचा दात पाडल्याबद्दल भोंग्याचं लायसन्स आणखी सहा महिने गेलं. त्याने वाद घातला नाही.

सुनावणीच्या दिवशी तो कंपाउंडर समोर बसला होता, खांदा अजून सांभाळत. मॅनेजरने विचारलं, "स्वतःच्या बचावात काही?"

"बचाव नाही, साहेब," भोंगा म्हणाला आणि कंपाउंडरकडे वळला. "तुमचं हाड मी मोडलं. माफी मागून ते सरळ होणार नाही, तरी मागतो. आणि साहेब, हा भांगाचा खेळ मी सुरू केला. अर्ध्या डेपोला मी शिकवलाय. तो मोडायचं कामही मलाच द्या. लायसन्स नंतर बघू."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "किती जणांना शिकवलंत?"

"सतरा."

"सतराच्या सतरा जणांच्या डोक्यातून तो पुसून काढा. मग बोलू."

परत जाताना तो मावशीच्या दुकानापाशी उतरला. सायकल उभी केली. अनेक महिने जिभेवर सुकलेला प्रश्न शेवटी विचारला. "मावशी, ते मनगट… कुठल्या साली?"

मावशीने साल सांगितलं, रस्ता सांगितला. भोंगा खाली बघत म्हणाला, "तेव्हा त्या रस्त्यावर मीच असायचो. बाकीचेही असायचे, पण मीही असायचो."

मावशी चाक फिरवून बघत राहिली. "असशील," शेवटी ती म्हणाली, पहिल्यांदाच एकेरीत. "नसशीलही. मला ते शोधून काय करायचंय? एक लक्षात ठेव. बस घसरली तर सरळ उभी राहते. सायकलवाला पडतो तेव्हा आडवा पडतो. तेवढी जागा लागते त्याला. आता पंप घे, मागच्या चाकात हवा कमी आहे. मी भरून देणार नाही."

त्याने भरली.

पुढच्या सोमवारी डेपोच्या मोकळ्या पटांगणात सतरा ड्रायव्हर उभे होते. बाजूला भिंतीशी ती रंग उडालेली, बिनदांड्याची सायकल. लगेच कुजबुज, खसखस.

"भोंगा, वहिनींची सायकल पळवलीस का?"

"तुला पण बसायचंय तिच्यावर," भोंगा म्हणाला. "एकेक जण सायकल चालवणार, आणि मागून बस जाणार. बस कोण चालवणार ते मॅनेजरसाहेब चिठ्ठी काढून ठरवतील. ज्याच्याशी तुमचं भांडण आहे त्याचंही नाव निघू शकतं, सांगून ठेवतो!"

खसखस बंद झाली.

"किती अंतर सोडायचं, उस्ताद?" मागून चेला. त्याचा पुढचा दात अजून नव्हता.

भोंगा पटांगणाच्या मध्यावर गेला, सायकल आडवी पाडली आणि तिच्या शेजारी तापलेल्या डांबरावर स्वतः आडवा झाला. हात डोक्यावर ताणलेले, पाय लांब.

"खडू घे," तो चेल्याला म्हणाला. "माझ्या बोटांपासून टाचेपर्यंत रेघ ओढ. एवढं."

चेला खाली वाकला. खडू डांबरावर करकरत गेला. सतरा माणसं बघत होती, आणि कुंपणाबाहेर शाळेला निघालेली एक मुलगी, हनुवटीवर पांढरी खूण असलेली, सायकलवर एक पाय टेकून उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती घंटी वाजवली, एकदाच, आणि निघून गेली.

वाचकहो, सायकल घ्यायची असेल तर खुशाल घ्या! वय विचारू नका, लोक हसतील का ते विचारू नका. दोन्ही पाय टेकतात का, पाठ ताठ राहते का, ब्रेक हाताशी आहे का, एवढं विचारा, आणि चार फेऱ्या मारून मगच घ्या. आणि तुम्ही मोठ्या गाडीत असाल तर पुढच्या सायकलवाल्याच्या शेजारी एक माणूस आडवा पडला आहे असं समजा, आणि त्याला वळसा घालून जा. कारण आपण ज्याच्या अंगावर हॉर्न वाजवतो, तो कुणाच्या तरी घरी जेवायला पोहोचणार असतो. राग आपला असतो. हाड मात्र दुसऱ्याचं मोडतं!